समांतर जोडणीत करंट आणि व्होल्टेज: टेबलावरच्या तीन रेझिस्टरपासून घरातल्या बोर्डापर्यंत

किटली सुरू केली की स्वयंपाकघरातला दिवा किंचित मंद होतो. शेतातल्या घरात पंपाचं बटण दाबलं की बल्ब क्षणभर मान टाकतात. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री आणि किटली लावली की त्याची वायर हाताला कोमट लागते. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते शाळेत पाठ केलेल्या नियमाच्या न शिकवलेल्या भागात आहे.

नियम असा: समांतर जोडणीत सगळ्यांना व्होल्टेज सारखंच मिळतं आणि करंट वाटला जातो. यातला ‘वाटला जातो’ हा शब्दच घोटाळा करतो. भाकरी वाटताना एक पाहुणा वाढला की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. इथे तसं होत नाही. नवीन उपकरण लावलं तर ते आपल्या रोधाप्रमाणे स्वतःचा करंट ओढतं, आधीच्या उपकरणांचा करंट होता तसाच राहतो आणि एकूण करंट वाढतो. हा वाढलेला करंट येतो तो सगळ्यांच्या सामाईक वायरीतून. समांतर जोडणीकडे झाड म्हणून पाहिलं तर उपकरणं फांद्यांवर असतात आणि मेन स्विचपासून बोर्डापर्यंतची वायर म्हणजे खोड. फांद्या एकमेकींना समांतर असतात. खोड मात्र प्रत्येक फांदीशी एकसर जोडणीत असतं. घरातल्या बहुतेक भानगडी खोडातल्या असतात.

हे आधी टेबलावर, बिनधोक व्होल्टेजवर करून बघू. मग भिंतीतल्या वायरीकडे जाऊ.

टेबलावरचा प्रयोग

सामान फार नाही: १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर (१ अँपिअरचा चालेल), ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून जोडण्या करायची पाटी), पाव वॅटचे चार रेझिस्टर (१०० ओहम, १ किलोओहम, २.२ किलोओहम, ४.७ किलोओहम), चार-सहा जंपर वायरी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही चालते, पण भार वाढला की तिचं स्वतःचं व्होल्टेज खाली येतं आणि आपण नेमकं काय मोजतोय याचा गोंधळ होतो. म्हणून अडॅप्टरच बरा.

पहिली पायरी: अडॅप्टरचा धन ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीला आणि ऋण निळ्या पट्टीला द्या. रेझिस्टर अजून लावू नका. दोन पट्ट्यांमधलं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. स्वस्त अडॅप्टर १२.० दाखवेलच असं नाही, ११.९ किंवा १२.२ निघेल. पुढच्या हिशेबात छापील आकडा न घेता हाच आकडा घ्यायचा. इथे सोयीसाठी १२ धरू.

दुसरी पायरी: १ किलोओहमचा रेझिस्टर लाल पट्टीतून निळ्या पट्टीत लावा. मग २.२ किलोओहमचा, मग ४.७ किलोओहमचा, तिन्ही तसेच. प्रत्येकाच्या दोन पायांवर व्होल्टेज मोजा. तिन्हींवर १२ येईल, कारण मीटर दर वेळी त्याच दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजतंय. ‘व्होल्टेज सारखं’ या नियमात याहून गूढ काही नाही.

तिसरी पायरी, करंट. एका रेझिस्टरचा एक पाय पट्टीतून उपसा, मीटर मिलिअँपिअरवर ठेवा आणि सुटलेला पाय व पट्टी यांच्या मध्ये मीटर घाला. करंट नेहमी वाट तोडून, मधे शिरून मोजायचा. हिशेबाने १ किलोओहममधून १२ मिलिअँपिअर, २.२ मधून ५.४५ आणि ४.७ मधून २.५५ यायला हवेत. बेरीज २०. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असेल तर त्याची किंमत पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते. त्यामुळे पहिला आकडा ११.४ ते १२.६ च्या दरम्यान कुठेही आला तरी चूक तुमची नाही.

चौथी पायरी: आता मीटर अडॅप्टर आणि लाल पट्टी यांच्या मध्ये, म्हणजे खोडात घाला. तिन्ही करंटची बेरीज इथे दिसायला हवी. बारकाईने पाहणाऱ्याला इथे एक खटकणारी गोष्ट दिसते. ‘२० मिलि’ रेंजवर बेरीज २० च्या जागी १९.७ च्या आसपास येते, किंवा स्क्रीनवर डावीकडे नुसता १ उमटतो. १ म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर गेला. आणि १९.७ का? साध्या मीटरमध्ये २० मिलिअँपिअर रेंजला आत साधारण १० ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायला घातलेला छोटा रोध, असतो. मीटर खोडात घातलं म्हणजे खोडाला १० ओहम जोडले. ‘२०० मिलि’ रेंजचा शंट १ ओहमच्या आसपास असतो, म्हणून बेरीज मोजायला तीच रेंज घ्या. मोजणाऱ्या यंत्रानेच मोजमाप हललं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर भेटणार आहे.

तिघांचा मिळून रोध किती? १२ व्होल्ट भागिले २० मिलिअँपिअर, म्हणजे ६०० ओहम. सर्वांत लहान रेझिस्टर १००० ओहमचा होता, तरी तिघांचा मिळून रोध त्याहून कमी. वाटा वाढल्या की जायला सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ. सूत्राने करायचं तर प्रत्येक रोधाचा व्यस्त घ्या, बेरीज करा आणि बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्या. दोनच रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज. पण व्यवहारात आधी करंट काढून त्यांची बेरीज करणं सोपं जातं आणि चुकाही कमी होतात.

मीटर जळतं ते याच टप्प्यावर. करंट मोजून झाला की लाल प्रोब पुन्हा व्होल्टच्या भोकात घालायचा राहतो आणि पुढचं माप घेताना मीटर थेट धन-ऋणावर टेकतं. करंटच्या रेंजवर मीटर जवळजवळ सरळ वायरच असतं, त्यामुळे तो शॉर्ट होतो. नशीब असेल तर आतला छोटा फ्यूज जातो. १० अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये फ्यूज नसतो आणि तसं तिथे छापलेलंही असतं. त्या भोकातला प्रोब घरच्या सॉकेटमध्ये घातला तर मीटर हातात फुटू शकतं.

आता खोडात रोध घाला

पुस्तकातला प्रयोग चौथ्या पायरीवर संपतो. खरी मजा पाचवीत आहे.

१०० ओहमचा रेझिस्टर अडॅप्टरचा धन आणि लाल पट्टी यांच्या मध्ये घाला. हा आपला लांब, बारीक सर्व्हिस वायरीचा, म्हणजे खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या वायरीचा नमुना. तिन्ही रेझिस्टर काढा आणि ४.७ किलोओहमचा एकटा लावा. पट्ट्यांमधलं व्होल्टेज ११.७५ येईल, त्याचा करंट २.५ मिलिअँपिअर. आता २.२ चा शेजारी लावा: व्होल्टेज ११.२५. मग १ किलोओहमचा: १०.२९. या सगळ्या वेळात ४.७ च्या रेझिस्टरला कुणी हात लावलेला नाही, तरी त्याचा करंट २.५ वरून २.२ मिलिअँपिअरवर आला.

स्वयंपाकघरातला मंद दिवा तो हाच. तिन्ही फांद्यांवर व्होल्टेज अजूनही सारखंच आहे, नियम मोडलेला नाही. सारखंच पण कमी, कारण एकूण करंट खोडातून जाताना त्याची किंमत वसूल करतो: खोडाचा रोध गुणिले सगळ्यांच्या करंटची बेरीज.

हेच आकडे घरात

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. उपकरणाच्या पाटीवरचे वॅट भागिले २३० केले की अँपिअर मिळतात. १००० वॅटची इस्त्री ४.३५, १५०० वॅटची किटली ६.५, २००० वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी ८.७. ७५ वॅटचा जुना पंखा ०.३३ आणि २० वॅटची एलईडी ट्यूब जेमतेम ०.०९. दिवे-पंख्यांनी खोड कधी दमत नाही. उष्णता देणारी उपकरणं आणि मोटरी यांचाच हिशेब ठेवायचा. आयटीआयच्या पुस्तकांतला जुना ठोकताळाही तोच सांगतो: दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि ८०० वॅट, पॉवरच्या सर्किटवर दोनच पॉइंट आणि ३००० वॅट.

वायरीचा रोध असा धरा. तांब्याच्या १ चौरस मिमी वायरीला किलोमीटरमागे सुमारे १८ ओहम, १.५ ला १२, २.५ ला ७.४ आणि ४ ला ४.६. अंतर मोजताना जाणं आणि येणं, फेज आणि न्यूट्रल, दोन्ही धरायचे. हे विसरलं की उत्तर बरोबर निम्मं येतं.

शेतातल्या घराचं उदाहरण घेऊ. वीजमीटर बांधावर, घर ६० मीटर आत, मधे १.५ चौरस मिमीची वायर. जाऊन-येऊन १२० मीटर, रोध १.४५ ओहम. रात्री चार एलईडी बल्ब आणि एक पंखा मिळून अर्धा अँपिअर: पाऊण व्होल्टही उतरत नाही, सगळं छान. किटली लावली की सव्वासहा अँपिअर जातो आणि ९ व्होल्ट उतरतात, घरात २२१. तेही चालून जातं. पण त्याच वायरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप लावला तर? चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. ३० अँपिअर धरले तरी ४० व्होल्टच्या आसपास उतार. बल्ब मान टाकतात ते यामुळे. वीज कंपनीला शिव्या घालण्याआधी हा गुणाकार करावा. ४ चौरस मिमीची वायर टाकली तर उतार चाळीस टक्क्यांच्या आत येतो, आणि पंपाला मीटरपासून वेगळी वायर दिली तर घराचा आणि पंपाचा सामाईक भाग जवळजवळ उरतच नाही. दुसरा उपाय जास्त चांगला. खोड जाड करण्यापेक्षा फांदी बुंध्याजवळ फोडावी.

बारीक खोडाचा आणखी एक तोटा फारसा कुणी सांगत नाही. शॉर्ट म्हणजे शून्य रोधाची फांदी, तिच्यातला करंट ठरतो तो खोडाच्या रोधाने. वाटेत अर्धा ओहम असेल तर ४६० अँपिअर वाहू पाहतात आणि एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतं. वाटेत १.८ ओहम असेल तर शॉर्टमध्येही १२८ अँपिअरच. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीची तत्काळ पडायची मर्यादा पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. ते लगेच पडेल किंवा काही सेकंद घेईल, आणि तेवढ्यात वायरीचं आवरण जातं. लांब वायरीवर बी प्रकारचं एमसीबी बरं पडतं, ते तीन ते पाचपटीला सुटतं. फक्त त्या सर्किटवर मोटर नसावी, नाहीतर पंप सुरू करताना ते दर वेळी पडेल.

एक्स्टेंशन बोर्ड का वितळतो

चार सॉकेटचा बोर्ड, ५ मीटर वायर, तीही बऱ्याचदा ०.७५ चौरस मिमी. इस्त्री आणि किटली एकत्र लावली की १०.९ अँपिअर. ०.७५ ची वायर किलोमीटरमागे सुमारे २६ ओहम, जाऊन-येऊन १० मीटरला ०.२६ ओहम. व्होल्टेजचा उतार फक्त २.८ व्होल्ट, कुणाला कळणारही नाही. पण उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध: ३१ वॅट. ५ मीटर लांबीत पसरली तर वायर कोमट होते. तीच वायर वेटोळं करून सोफ्यामागे कोंबली की उष्णतेला बाहेर पडायला वाव नाही आणि आवरण मऊ पडायला लागतं.

त्याहून वाईट असतो सैल सॉकेट. त्या एका जागी ०.१ ओहमचा रोध असला तर व्होल्टेजमध्ये फरक जेमतेम १ व्होल्टचा, पण १२ वॅट उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. पितळेची पट्टी काळी पडते, तिची स्प्रिंग ढिली होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. मीटरवर काहीच वाईट दिसत नाही आणि प्लास्टिक मात्र पिवळं पडत जातं. नाक आणि बोट इथे मीटरपेक्षा भरवशाची: प्लग काढल्यावर त्याची पिन चटका देत असेल तर सॉकेट बदलायचं, पिन घासून पुन्हा लावायची नाही.

‘एमसीबी आहे की!’ असं म्हणणाऱ्यांसाठी. भिंतीतल्या पॉवर सर्किटला १६ अँपिअरचं एमसीबी असतं आणि ते भिंतीतल्या २.५ च्या वायरीचं रक्षण करतं. बोर्डाच्या वायरीतून ११ अँपिअर गेले तर एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, ते जन्मभर पडणार नाही. शिवाय १६ म्हणजे १६ ला पडतं असंही नाही. १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरला, तासाभरात ते पडत नाही, १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअरला, तासाभरात पडायलाच हवं. मधला पट्टा संदिग्ध. म्हणून बोर्ड घेताना त्याचा स्वतःचा फ्यूज किंवा कटआउट आहे का ते बघा, आणि इस्त्री, किटली, हीटर यांपैकी एका वेळी एकच लावा. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडणं म्हणजे फांदीला खोड बनवणं.

खोड कुठे दुखतंय हे शोधायचं कसं

यासाठी डीबी (घरातल्या एमसीबींची पेटी) उघडायची गरज नाही. ६०० व्होल्ट एसीची रेंज असलेला, चांगल्या प्रोबचा मल्टिमीटर आणि १५०० वॅटची किटली एवढं पुरतं. इस्त्री-गिझर नको, त्यांचा थर्मोस्टॅट मधेच बंद होतो. प्रोब धरताना बोटं कठड्यामागे, पायात चप्पल आणि जमीन कोरडी. शटरच्या सॉकेटमध्ये प्रोब घालायला अवघड जातं. जमत नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, हट्ट करू नका.

१. ज्या बोर्डाची तक्रार आहे त्याच्या एका सॉकेटमध्ये पाणी भरलेली किटली लावा, बटण बंद ठेवा. शेजारच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा. समजा २२८.

२. किटली चालू करा, पाच सेकंदांनी पुन्हा मोजा. समजा २१७. लाईनचं व्होल्टेज स्वतःही वरखाली होत असतं, म्हणून चालू-बंद तीनदा करून सरासरी घ्या. एकदाच घेतलेल्या मापावर भिंत फोडू नये.

३. हिशेब: १५०० वॅटच्या किटलीचा रोध ३५ ओहम. २१७ व्होल्टला करंट ६.१५ अँपिअर. उतार ११ व्होल्ट. खोडाचा रोध १.८ ओहम.

४. आता असायला किती हवा ते काढा. डीबीपासून बोर्डापर्यंत १५ मीटर, २.५ ची वायर: ०.२२ ओहम. मीटर, मेन आणि बाहेरची केबल धरून शहरातल्या घरात अर्ध्या ओहमच्या आत आटपायला हवं, म्हणजे किटलीवर ३-४ व्होल्टचा उतार. १.८ आले तर १.३ ओहम जास्तीचे आहेत आणि तिथे ५० वॅट उष्णता जळते आहे. कुठेतरी जोड सैल आहे.

५. किटली तिथेच चालू ठेवून दुसऱ्या एमसीबीवरच्या खोलीत व्होल्टेज मोजा. तिथेही तितकंच उतरत असेल तर दुखणं डीबीच्या आधी आहे: मेन स्विच, मीटरचे स्क्रू किंवा खांबावरचा जोड. मीटर आणि त्याआधीचा भाग वीज कंपनीचा, सीलला हात न लावता १९१२ वर तक्रार करा. दुसऱ्या खोलीत फरक पडत नसेल तर दुखणं याच सर्किटमध्ये आहे.

६. फेजच्या वायरीत की न्यूट्रलच्या? त्याच बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा, किटली बंद असताना आणि चालू असताना. अर्थिंग नीट असेल तर बंद असताना एखादा व्होल्ट दिसतो. किटली चालू केल्यावर तो १० वर गेला तर जोड न्यूट्रलचा सैल आहे. फारसा हलला नाही तर फेजचा.

एवढं कागदावर लिहून वायरमनला दिलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. सर्वांत आधी तपासायच्या जागा म्हणजे डीबीतली न्यूट्रलची पट्टी आणि बोर्डातले लूप, जिथे एका टर्मिनलमध्ये तीन-तीन वायरी कोंबून एकच स्क्रू आवळलेला असतो.

क्लॅम्प मीटर असेल तर थेट करंट दिसतो, मात्र जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा करंट सारखाच. (हा आकडा शून्य नसला की आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतं. त्याचं सगळं काम या एका वाक्यात आहे, घरगुती वापरात मर्यादा ३० मिलिअँपिअर.) आणखी एक चकवा: पंखा ०.३, पंप ६, गिझर ८.७ अशी क्लॅम्पची मापं बेरजेला लावली तर मेनवरचा आकडा थोडा कमी भरतो. एसीमध्ये मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे मोटर आणि गिझर यांच्या करंटची शिखरं एका वेळी येत नाहीत. म्हणून साधी बेरीज नेहमी जास्तीची येते. वायर निवडताना ही चूक आपल्या फायद्याचीच.

न्यूट्रल तुटला की समांतरची एकसर होते

समांतर जोडणीतला सर्वांत महागडा बिघाड हा. इमारतीत किंवा बंगल्यात तीन फेज येतात, प्रत्येक मजला वेगळ्या फेजवर, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो सामाईक न्यूट्रल तुटला तर दोन मजल्यांची उपकरणं दोन फेजच्या मध्ये, म्हणजे ४०० व्होल्टवर, एकामागे एक लागतात.

खालच्या मजल्यावर २००० वॅटचा गिझर चालू, रोध २६ ओहम. वरच्या मजल्यावर १०० वॅटचा भार, रोध ५२९ ओहम. एकसर जोडणीत करंट दोघांतून एकच, ०.७२ अँपिअर. गिझरच्या वाट्याला १९ व्होल्ट आणि वरच्या टीव्ही-दिव्यांच्या वाट्याला ३८१. ज्याचा भार कमी त्याचं जास्त नुकसान. एका घरात दिवे मंद आणि त्याच वेळी शेजारच्या घरात झगझगीत दिसले तर तपासत बसू नका, आधी मेन बंद करा. फक्त न्यूट्रलवर फ्यूज किंवा सुटं एमसीबी का घालायचं नाही, याचं उत्तरही हेच.

सिंगल फेजच्या घरात न्यूट्रल तुटला तर नुकसान होत नाही, पण नवशिका चक्रावतो: काहीच चालत नाही आणि टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. चालू राहिलेल्या एखाद्या पंख्यातून फेज पलीकडच्या न्यूट्रलवर येऊन बसलेला असतो. सगळी बटणं बंद केली की न्यूट्रलच्या भोकातला टेस्टर विझतो. ‘उलटा करंट आलाय’ असं कुणी म्हणालं तर बहुधा हेच असतं. त्या न्यूट्रलला हात लावणं फेजला हात लावण्याइतकंच धोक्याचं.

एलईडी आणि बॅटऱ्या: इथे नियम जपून

रेझिस्टर समांतर लावताना काळजी लागत नाही, एलईडी लावताना लागते. तीन पांढऱ्या एलईडी समांतर लावून एकच रेझिस्टर देण्याचा मोह होतो. व्होल्टेज तिघींना सारखं मिळतं खरं, पण एलईडीचा करंट व्होल्टेजच्या किंचित फरकाने खूप बदलतो आणि तिघींची गरज कधीच तंतोतंत सारखी नसते. जिला कमी लागतं ती जास्त करंट खाते, तापते, तापली की तिला आणखी कमी लागतं. ती जळाली की तिचा वाटा उरलेल्या दोघींवर. म्हणून प्रत्येकीला आपला रेझिस्टर: १२ व्होल्टवर ३ व्होल्टच्या एलईडीला ४७० ओहम, १९ मिलिअँपिअर.

छतातल्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीत आत हेच केलेलं असतं, तीन एलईडी आणि रेझिस्टर असा एकेक तुकडा, तुकडे एकमेकांना समांतर. मीटरमागे १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी ६ अँपिअर ओढते आणि तो सगळा करंट पट्टीवरच्या पातळ तांब्यातून जातो. टोकाचा उजेड पिवळट, मंद दिसतो. अडॅप्टर मोठा आणून काही होत नाही. दोन्ही टोकांना वीज द्या.

इन्व्हर्टरच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर लावल्या की व्होल्टेज १२ च राहतं आणि अँपिअर-तास दुप्पट होतात. जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज मोजा. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल, दोघींचा अंतर्गत रोध आणि केबल मिळून २५ मिलिओहम असेल, तर जोडताक्षणी ३२ अँपिअर एकीतून दुसरीत धावतात. दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, तासभर ठेवा, फरक ०.१ व्होल्टच्या आत आला की जोडा. जुनीला नवी जोडू नका, जुनी नवीला ओढत राहते. इन्व्हर्टरची धन वायर पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण वायर दुसरीवरून घ्या, तिरपी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर दुसरीच्या वाटेत जोडपट्ट्यांचा रोध जास्तीचा येतो, पहिली जास्त राबते आणि वर्ष-दीड वर्षाने दोघींचं वय वेगळं झालेलं दिसतं.